तीनशे ऐंशी रुपयांचा भुरका

काल मालवणात समुद्राकडच्या एका नव्या कॅफेवर 'जॅपनीज रामेन' असा बोर्ड दिसला आणि मी आत घुसलो. भाचा टोकियोत असतो, तो फोनवर उगाच जीभ चाळवतो, टोकियो स्टेशनच्या तळघरात म्हणे रामेनची गल्लीच आहे, बऱ्याच दुकानांत दारातल्या मशीनमधून कुपन काढायचं, बाऊल आला की नूडल्स फुगायच्या आत भुरके मारत संपवायचं, आवाज झाला तरी कोणी बघत नाही. हे शेवटचं मी नेमकं लक्षात ठेवलं.

बाऊल आला, वर अर्धं अंडं. वास फारच ओळखीचा वाटला, पण ३८० रुपये लावलेत म्हटल्यावर मी एक दणदणीत भुरका मारला.

बाजूच्या टेबलावर एक काकी नातवाला आइस्क्रीम भरवत होत्या, त्या दचकून वळल्या.

"रे, ह्या काय? शिरवाळे?"

"नाही हो काकी, रामेन. जपानी."

"मगे रस कसलो?"

आता मी पण कशाला बोलायला जावं! पण सुटलोच. फुकुओकाकडे डुकराची हाडं तासन्‌तास उकळून दुधासारखा पांढरा रस काढतात, साप्पोरोत मिसो, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनचा लगदा, घालतात, शिवाय कुप्यासारखा मासा धूर देऊन वाळवतात, किसतात आणि त्याचं पाणी काढतात...

"म्हणजे सुक्या म्हावऱ्याचा पाणी."

"तसंच काहीसं."

काकी सरळ वाकल्या आणि माझ्या बाऊलाचा वास घेतला. "ह्येच्यात म्हावरा खंय हा? ह्यो मॅगीचो वास." नातू खुर्चीवर उभा राहून "मॅगी! मॅगी!" असा ओरडला की अख्खा कॅफे माझ्याकडे बघायला लागला. "आणि भुरके कित्या मारतंस? पोर भियाला मां."

काउंटरवरच्या पोराला जाब विचारला तर म्हणे, "सर, इन्स्टंट नूडल्स जपानचाच शोध आहे." मोबाईलवर दाखवलं पण, मोमोफुकु आंदो, १९५८. बरोबर आहे हो, तीच तर चीड आहे! आमच्या घरी आई उकडीच्या गोळ्यांचे शिरवाळे गाळायची, साचा दाबायला दोघं लागायची, वर नारळाचा गुळाचा रस, घामाने निथळलेली असायची, त्याचा बोर्ड ह्या अख्ख्या रस्त्यावर मला तरी दिसला नाही. पाकीट फोडून दोन मिनिटांत पाण्यात टाकलं की मात्र जॅपनीज, आणि वर सर्व्हिस चार्ज. कसली सर्व्हिस, चमचा पण मी उठून आणला.

परत टेबलाशी आलो तर अंडं गायब. नातू चघळत होता.

"तू खातलंस नाय असा वाटला," काकी म्हणाल्या.