शेवाळाची पांढरी कड आणि ब्लीचिंग पावडरचा सल्ला

मालवणच्या मामीला परवा व्हॉट्सअ‍ॅपवर एक संदेश आला आणि तिने त्याच दिवशी नातवंडांना कातळावर जायची बंदी केली. संदेशात म्हटले होते की, ओहोटीला खडकांवर दिसणारे कोबीच्या पातळ पानासारखे हिरवे शेवाळ चिनी जहाजांबरोबर आले आहे, त्याच्या स्पर्शाने विष भिनते, पांढरी पडलेली कड ही त्या विषाची खूण आहे, त्याची मुळे खडक फोडतात, म्हणून दिसताच त्यावर ब्लीचिंग पावडर टाकावी.

हे शेवाळ म्हणजे उल्वा. त्याचे पाते जेमतेम दोन पेशींच्या थरांचे असते. प्रजननाच्या वेळी कडेच्या पेशींतील सगळा ऐवज कशाभिका (पोहायला लागणारे शेपटीसारखे धागे) असलेल्या सूक्ष्म पेशींच्या रूपाने पोहत बाहेर पडतो आणि मागे रिकाम्या पेशीभित्तिका उरतात, त्याच पांढुरक्या दिसतात. ज्या खुणेला घाबरायला सांगितले आहे, ती या शेवाळाच्या बाळंतपणाची खूण आहे!

पावडरचा सल्ला मात्र हसण्यावारी नेता येत नाही. पावडरमधल्या क्लोरीनने कातळावरच्या डबक्यांतील शंख, खेकडे, कालवे आणि माशांची पिल्ले मरतील. शिवाय अशा मोकळ्या झालेल्या खडकावर सर्वांत आधी रुजणाऱ्यांपैकी एक उल्वाच असते.

मुळांचा मुद्दा दोन शब्दांत संपतो: मुळे नसतातच. तळाशी एक लहानशी चकती असते आणि पोषण सगळ्या पात्यातून शोषले जाते.

राहिला चिनी जहाजांचा मुद्दा. २००८ मध्ये ऑलिंपिकच्या तोंडावर चीनमधील चिंगदाओचा समुद्र हिरवा झाला होता, पण ती उल्वा प्रोलिफेरा ही वेगळी जात. उल्वा लॅक्टुका हे नाव स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसने १७५३ मध्ये दिले आणि पुढे ते युरोपच्या थंड किनाऱ्यांवरील शेवाळाला सर्रास लावले गेले. लिनियसच्या संग्रहातील मूळ नमुन्याची जनुकीय तपासणी २०१९ मध्ये प्रसिद्ध झाली, तेव्हा तो नमुना उष्ण समुद्रांतील उल्वा फॅसियाटाशी जुळला, म्हणजे कोकणच्या खडकांवरून ज्या नावाने नोंदी होत आल्या त्याच शेवाळाशी. तेव्हा ते चिनी जहाजांबरोबर आले म्हणायला यात काही आधार नाही.

एक गोष्ट नाइलाजाने मान्य करतो. किनाऱ्यावर या शेवाळाचे ढीग साचून कुजले, तर त्यातून हायड्रोजन सल्फाइड हा विषारी वायू निघतो. फ्रान्समधील ब्रिटनीच्या किनाऱ्यावर २००९ मध्ये अशाच चिखलात एक घोडा मेला. पण ते ढीग शेतांतून वाहून आलेल्या नायट्रेटवर पोसलेले होते, आणि खडकावरच्या ताज्या पात्याला हात लावणे ही निराळी गोष्ट आहे. सांडपाण्याच्या तोंडाशी वाढलेले शेवाळ मात्र खाऊ नये.

मामीला मी कळवले आहे की, पोरांना जाऊ दे. फक्त त्या शेवाळावरून पाय घसरतो, तेव्हा सोबत कोणी मोठे माणूस पाठव.