‘हे तुम्ही मला आज सांगताय?’

शाळेत लागून नऊ वर्षं झाली तोवर मी आमच्या ग्रंथालयात कशाकशासाठी गेले होते, याची मध्ये एकदा मनातल्या मनात यादी केली. भिंतीवरचे नकाशे आणायला. पेपर तपासायला, कारण तिथला पंखा चांगला चालतो. चतुर्थीचा उपास होता तेव्हा साबुदाण्याचा डबा घेऊन एकटीनं बसायला. पुस्तकासाठी दोन-तीनदा, तेही दिवाळी अंक घरी न्यायला. मी इतिहास-भूगोल शिकवते, हे इथं सांगायला जरा लाजच वाटते.

आमची शाळा धुळे जिल्ह्यातली, पांझरेकाठची. ग्रंथालय जिन्याला लागून असलेल्या खोलीत. चार लोखंडी कपाटं, एक लांब टेबल, आणि कोपऱ्यात लेझीम, ढोल, कबड्डीच्या मॅट. ग्रंथपाल अर्धवेळ. त्यांना सगळे नाना म्हणतात, मुख्याध्यापकसुद्धा. मीटिंगला नाना दाराजवळ बसतात, लिपिकांच्या शेजारी, कारण कागदोपत्री ते शिक्षकेतर. कोणी रजेवर गेलं की बदली तास नानांना. शिष्यवृत्तीचे फॉर्म, यू-डायसची म्हणजे सरकारला द्यायची शाळेची माहिती, जूनमध्ये मोफत पुस्तकांचं वाटप, हेही नानांकडे. यातून वेळ उरला तर ग्रंथालय.

तर तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. ऑगस्ट महिना, छोटी सुट्टी, चहा. मी सहज म्हटलं, “नाना, उद्या नववीला सिंचन घ्यायचंय. काही आहे का हो तुमच्याकडे?”

नानांनी कप खाली ठेवला. “ताई, हे तुम्ही मला आज सांगताय?”

खरं सांगते, राग आला. मागितलं ते काढून द्यायचं सोडून हा माणूस मलाच विचारतो! दुसऱ्या दिवशी तास झाला. पाट, ठिबक, तुषार, फळ्यावर तक्ता, मुलांनी उतरवून घेतला, संपलं. मधल्या सुट्टीत नाना एक जाड झेरॉक्स घेऊन आले. खानदेशचं जुनं गॅझेटिअर, म्हणजे जिल्ह्याच्या माहितीचा सरकारी ग्रंथ, मुंबई इलाख्याच्या मालिकेतला १२ वा खंड, १८८० चा. आज धुळे, जळगाव आणि नंदुरबार असे तीन जिल्हे आहेत. तेव्हा खानदेश एकच जिल्हा होता, त्याचे पूर्व-पश्चिम असे दोन तुकडे पुढे १९०६ मध्ये झाले. पांझरेवरच्या बंधाऱ्यांचा मजकूर होता तिथं नानांनी चिठ्ठी घातली होती. “इंग्रजी आहे. पोरांना झेपणार नाही. आठवडा मिळाला असता तर चार पानं मराठीत करून दिली असती,” म्हणाले आणि गेले.

मी त्या पानांवर नजर फिरवली आणि मग लक्षात आलं की पूर्ण तासात मी ‘फड’ हा शब्दच उच्चारला नव्हता.

मी यावलकडची, केळीच्या बागांतली. लग्न होऊन इकडे आले. माझ्या लेखी फड म्हणजे एकतर तमाशाचा, नाहीतर उसतोडीचा. पण पांझरेच्या आणि मोसमच्या खोऱ्यात फड म्हणजे पाणी वाटून घ्यायची आख्खी व्यवस्था, काही शतकांची. नदीवर एकाखाली एक दगडी बंधारे. बंधाऱ्यातून पाट निघतो. त्याच्याखाली भिजणाऱ्या जमिनीचे तीन-चार मोठे भाग पाडायचे, तेच फड. एका फडात त्या हंगामाला सगळ्यांचं एकच पीक, आणि पिकं फडाफडातून आलटून पालटून फिरवायची. शेतकऱ्याची थोडी थोडी जमीन वेगवेगळ्या फडांत, म्हणजे उसाचं पाणी एकालाच आणि कोरडं दुसऱ्याच्याच वाट्याला असं होत नाही. पाणी फिरवायला पाटकरी, राखणीला जागल्या, वर लक्ष ठेवायला हवालदार, आणि यांचा मोबदला गावच देणार. पुढे नदीचं पाणी वर अडलं, विहिरी आणि बोअर वाढल्या, ज्याची त्याची मोटर झाली, आणि बहुतेक ठिकाणी फड मोडले. पण ज्यांच्या आज्यानं हे केलं ती पोरं माझ्या समोर बसली होती आणि मी त्यांना तुषार सिंचनाचे फायदे लिहून देत होते.

पुढच्या जूनमध्ये मी एकच केलं. वार्षिक नियोजन लिहून झाल्यावर त्याची एक झेरॉक्स नानांच्या टेबलावर ठेवली. एरवी हे नियोजन लिहायचं, मुख्याध्यापकांची सही घ्यायची आणि मार्चपर्यंत कपाटात, असा शिरस्ता. नाना म्हणाले, “सतरा वर्षांत पहिल्यांदा कोणी दिलं.” मी म्हटलं, तुम्ही कधी मागितलं का? तर म्हणाले, “शिक्षकेतर माणसानं शिक्षकाचं टाचण मागायचं?” यावर मला बोलता आलं नाही.

त्या ऑगस्टमध्ये सिंचनाच्या तासाला मी वर्ग घेऊन ग्रंथालयातच गेले. लांब टेबलावर नानांनी मांडून ठेवलं होतं: गॅझेटिअरची मराठीत केलेली चार पानं, कृषी खात्याच्या ‘शेतकरी’ मासिकाचे जुने अंक, एका पाणीवापर संस्थेची स्मरणिका, तालुक्याचा नकाशा. फड मी शिकवला. पण एका आकड्याला दोन पुस्तकं दोन गोष्टी सांगत असतील तर काय करायचं, सूची कशी बघायची, पुस्तक कोणत्या साली छापलंय ते आधी का बघायचं, हे नानांनी शिकवलं. ते मला शिकवता आलं नसतं. मी स्वतःच पुस्तकाचं साल कधी बघत नव्हते.

आणि मग मागच्या बाकावरचा एक पोरगा, जो वर्षभरात ‘हजर’ सोडून काही बोलला नव्हता, तो उठून म्हणाला, “मॅडम, मना आजा पाटकरी व्हता.” नानांनी तिथल्या तिथं अहिराणीतच विचारलं, “जित्ता शे का?” शे, म्हणाला. पुढच्या शनिवारी आजोबा धोतर-टोपी घालून शाळेत. दीड तास बोलले, सगळं अहिराणीत. पुस्तकी मराठीत ज्या पोरांची जीभ अडखळते ती त्या दिवशी दुभाषी झाली होती, कारण अर्धं मलाच कळत नव्हतं.

मुलांनी ते लिहून काढलं, बत्तीस पानांची वही झाली. नानांनी तिला खाकी कव्हर घातलं, दाखल रजिस्टरमध्ये क्रमांक दिला, प्राप्तीच्या रकान्यात लिहिलं ‘इ. ९ वी ब, भेट’. आता ती रीतसर शाळेच्या ग्रंथालयाचं पुस्तक आहे. या वर्षी देवघेवीत ती अकरा वेळा गेलीय. कपाटातल्या कितीतरी महागड्या संचांच्या नशिबी एवढं फिरणं नाही.

आता जरा कुलपाबद्दल बोलते, कारण स्टाफरूममध्ये ग्रंथपालांवर पहिला शेरा हाच असतो: कपाटं उघडतच नाहीत. मीही तेच म्हणायचे. नानांना विचारल्यावर कळलं की चार्ज देताना एकेक पुस्तक मोजून द्यावं लागतं, कमी भरलं तर त्यांनाच जाब. फाटलेलं पुस्तक रद्द करायचं तर निर्लेखनाचा प्रस्ताव, यादी, समिती, सही. एक पोरगं पुस्तक हरवून सातवीतून आश्रमशाळेत निघून गेलं तर ते पुस्तक पुढे नानांच्या डोक्यावर. आपण माणसाला राखणदार नेमायचं आणि मग तो राखण करतो म्हणून हसायचं, हा काय न्याय झाला? मुलांच्या हाताळणीत फाटलेलं पुस्तक म्हणजे वापरलेलं पुस्तक, असं मुख्याध्यापकांनी एकदा लेखी दिलं तर निम्मी कुलपं आपोआप निघतील. आमच्याकडे अजून लेखी नाही. तोंडी मात्र मिळालंय.

ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम ज्यांनी १९३१ मध्ये मांडले ते रंगनाथन आधी गणित शिकवायचे, हे मला नानांकडूनच कळलं. १९२४ मध्ये मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले आणि सुरुवातीला त्या सुनसान जागेत त्यांचं मन रमेना, परत शिकवायला जायचं म्हणत होते. त्यांचा पहिला नियम पुस्तकं वापरासाठी आहेत हा, आणि चौथा वाचकाचा वेळ वाचवा हा. नाना म्हणतात, वाचकात शिक्षकही धरा. पण आदल्या दिवशी चहाच्या वेळी विचारणाऱ्या शिक्षकाचा वेळ रंगनाथनसुद्धा वाचवू शकणार नाहीत.

आपल्याकडे साने गुरुजींचा दाखला लगेच निघतो. अमळनेरला प्रताप हायस्कूलच्या छात्रालयात ते मुलांसाठी हातानं लिहून ‘छात्रालय दैनिक’ काढायचे. शिक्षक, ग्रंथपाल, संपादक, सगळं एकाच माणसात. दाखला चांगला आहे, पण त्याचा आपल्याला फार सोयीचा उपयोग होतो: तसे गुरुजी आता कुठे, असं म्हणून सुटता येतं. मला एका माणसात सगळं नकोच आहे. दोन साध्या माणसांनी एकमेकांना वेळेवर सांगावं, एवढंच म्हणणं आहे.

१५ ऑक्टोबरला, डॉ. कलामांच्या जयंतीला, वाचन प्रेरणा दिन म्हणून आम्हीही मुलांच्या हातात पुस्तकं देऊन ओळीत बसवतो, फोटो काढतो, ग्रुपवर टाकतो. त्या दिवसाला माझा विरोध नाही, डॉ. कलामांबद्दल आदरच आहे. पण फोटो झाल्यावर पुस्तकं गोळा करून परत कपाटात जातात तेव्हा मुलांच्या चेहऱ्याकडे एकदा बघा.

सगळंच जमलं असंही नाही. मराठीच्या सरांना मी गळ घातली, त्यांनी नानांना नियोजन दिलं, नानांनी बहिणाबाईंवर बरंच काही काढून ठेवलं, आणि ऐन त्या आठवड्यात सरांना निवडणुकीच्या कामाला बोलावलं. टेबल पंधरा दिवस मांडलेलं राहिलं. शेवटी कबड्डीच्या मॅट ठेवायला जागा हवी म्हणून उचललं. विज्ञानाच्या मॅडमना वाटतं यात पोर्शन मागे पडतो. माझा दोन तासांनी पडला, हे कबूल. जिल्हा परिषदेच्या कितीतरी शाळांत तर ग्रंथपालच नाही, एका शिक्षकाकडे पुस्तकांच्या पेटीची किल्ली असते. तिथं कोणी कोणाला सांगायचं, असं माझी नणंद विचारते. ती शिरपूरकडे पाड्यावर शिकवते, पोरं घरी पावरी बोलतात. तिला मी म्हटलं, किल्ली ज्याच्याकडे आहे त्याला सांग. ती म्हणाली, किल्ली माझ्याकडेच आहे वहिनी.

या जूनमध्ये पुन्हा नियोजनाची झेरॉक्स दिलीय. नानांनी वाचून परत पाठवली, सप्टेंबरच्या रकान्यापुढे पेन्सिलीनं प्रश्नचिन्ह काढून. काय म्हणायचंय ते विचारायला आज ऑफ तासाला जाणार होते, पण नाना सहावीच्या बदली तासावर होते.