खोबरेल, भिरंडेल आणि महेशरावांचा राग

महेशराव,

उन्हाळ्यातल्या खोबरेल-भिरंडेलावरच्या (भिरंडेल म्हणजे कोकमाच्या बियांचं घट्ट तेल) माझ्या लेखाखाली तुम्ही चांगली ऐसपैस प्रतिक्रिया दिलीत, आभार. ज्यांनी ती वाचली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: खोबरेलाच्या एसपीएफचा, म्हणजे ऊन अडवण्याच्या ताकदीचा, आकडा यंत्रावरचा आहे, माणसाच्या कातडीवरचा नाही; यूव्हीए, म्हणजे कातडीत खोल शिरणाऱ्या अतिनील किरणांबद्दल मी अवाक्षर काढलेलं नाही; असलं वाचून आया पोरांना तेल चोपडून पणजीच्या मिरामार किनाऱ्यावर नेतील; आणि जाता जाता, ‘लिहिण्याआधी एखाद्या त्वचारोगतज्ज्ञाला विचारण्याचे कष्ट तरी घ्यायचे होते.’

कष्ट! हे वाक्य वाचून मी चहा गार होऊ दिला. माझी धाकटी शाळेच्या धावण्याच्या सरावाला जाते. तिला मी काय लावत होते, तर जाहिरातीतलं, महागातलं, मोठ्या कंपनीचं सनस्क्रीन. आठवड्याभरात मानेवर लालभडक पुरळ, कॉलर घासली की रडायची. मग तिला घेऊन म्हापशाला त्वचेच्या डॉक्टरांकडे बसले, नंबर लावून, जेवणाची वेळ टळेपर्यंत. त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो क्रीमचा नव्हे, सराव किती वाजता असतो हा. उन्हं चढायच्या आत आटपा, पूर्ण बाह्यांचा शर्ट, रुंद काठाची टोपी, आणि उघड्या राहिलेल्या जागी झिंक ऑक्साइडचं साधं क्रीम, या क्रमाने सांगितलं. दोन बोटांवर दोन रेघा ओढून दाखवल्या: चेहरा-मानेला एवढं लागतं, दोन तासांनी पुन्हा, घाम आला तर त्याआधीच. वाटाण्याएवढं लावलं तर डबीवरचा एसपीएफ 50 डबीवरच राहतो. तेव्हा विचारलं नाही म्हणायचं असेल तर आधी मला विचारा.

मुद्द्यापेक्षा मला तुमचा सूर खुपला. विज्ञान तुम्हाला कळतं आणि घरात तेल कढवणाऱ्या बायका म्हणजे अडाणी, असा. माझी आजी आगरवाड्याची, मिठागरात राबलेली. मार्च ते मे, मीठ धरायचे दिवस, खाली पांढरं मीठ आणि वर ऊन, डोळे उघडवत नाहीत अशी जागा. बायका तांबडं फुटायला आगरात आणि उन्हं तापली की सावलीला. डोक्यावरून कपाळापर्यंत ओढलेलं कापड, बाह्या मनगटापर्यंत. रात्री चूल विझल्यावर खोबरेल, आणि ओठांना, टाचांच्या भेगांना भिरंडेल. त्याचा करड्या रंगाचा गोळा दिव्यावर बोटाने मऊ करून घ्यायची. म्हातारपणी तिचं कपाळ कापडाच्या रेषेपर्यंत उजळ होतं, आणि हाताचे पंजे रापून काळे, डागाळलेले. याहून मोठा पुरावा मला नको. इतका राग बरा नव्हे, पात्रांव.

एक मात्र तुमचं बरोबर. तो आकडा 2010 मधल्या रायपूरच्या संशोधकांच्या अभ्यासातला: तेलं अल्कोहोलमध्ये पातळ करून यंत्रावर मोजली, त्यात खोबरेल सातच्या आसपास आलं. मी आठ लिहिलं होतं. सात केलं आहे. मोजणी 290 ते 320 नॅनोमीटरची, म्हणजे कातडी भाजणाऱ्या यूव्हीबी किरणांचीच. यूव्हीए त्यात येत नाहीत, हेही लेखात टाकते. त्यावर सविस्तर पुढे कधीतरी.

पण तुम्हीही जरा दुसरी बाजू बघा ना. अमेरिकेतल्या हवाई राज्याने 2018 मध्ये कायदा करून ऑक्सिबेन्झोन आणि ऑक्टिनॉक्सेट ही ऊन अडवणारी रसायनं असलेल्या सनस्क्रीनची विक्री 2021 पासून बंद केली, प्रवाळ वाचवायला. अमेरिकेत सनस्क्रीन औषध म्हणून तपासलं जातं, आपल्याकडे ते सौंदर्यप्रसाधनांत मोडतं. यावर तुमच्या एवढ्या मोठ्या प्रतिक्रियेत चकार शब्द नाही. एसपीएफ 30 ने 97 टक्के यूव्हीबी अडतात आणि 50 ने 98, हा एका टक्क्याचा हिशेबही कोणी ग्राहकाला सांगत नाही. तिथे कष्ट कोणी घ्यायचे?

मिरामारचं म्हणाल तर एप्रिलच्या दुपारी आमच्याकडचं कोणी तिथे फिरकत नाही. त्या वेळी तिथे टुरिस्ट असतात, आणि ते माझा ब्लॉग वाचत नाहीत.

गाजराच्या बियांच्या तेलाबद्दल विचारलंत. ते मी लिहिलेलंच नाही, दुसऱ्या कोणाच्या लेखातलं असेल.

तुमची प्रतिक्रिया उडवलेली नाही, आहे तशी ठेवली आहे. पुढच्या वेळी मी डॉक्टरांकडे गेले होते का ते न विचारता लिहिलीत, तर उत्तर लवकर देईन.