त्रास नको म्हणून येत नाही, असं म्हणू नका

परवा एका जुन्या मैत्रिणीचा फोन आला. बँकेत आम्ही कितीतरी वर्षं शेजारशेजारच्या काउंटरला होतो. म्हणाली, अगं मंगळवारी तुझ्या गल्लीवरूनच गेले, पण म्हटलं तुझ्याकडे बाई असते, तुझ्या गोळ्यांच्या वेळा, कशाला उगाच त्रास द्यायचा. मी बरं म्हणाले आणि फोन ठेवला, पण ते मनातून जाईना. म्हणून आज लिहितेय, म्हणजे बोलून टाइप करतेय, बोटं फोनवर नीट चालत नाहीत.

माझं वय ७४, पार्किन्सन्स, म्हणजे अंग आखडून हालचाल मंदावणारा आजार, होऊन ६ वर्षं झाली. मुलगा बंगलोरला असतो. सकाळी ८ ते रात्री ८ मला सांभाळायला नर्सिंग ब्युरोच्या ताई असतात, रात्री शेजारची कॉलेजातली मुलगी सोबतीला येते. पण घर माझंच आहे ना? आजाऱ्याला बघायला येणं वेगळं आणि मैत्रिणीकडे येणं वेगळं. बघायला येणारे शहाळी आणतात, सोफ्याच्या कडेवर टेकतात, दहा मिनिटांत "चल, तू आराम कर" म्हणून उठतात, दिवसभर आरामच तर करत असते मी.

आमची पाच जणींची भिशी आहे. आजाराचं कळल्यावर सगळ्यांनी मिळून ठरवलं की माझ्या पाळीची भिशी दुसरीकडे करायची. फार मायेने केलं त्यांनी, पण मला ते लागलं. दोन वर्षं मी काही बोलले नाही, मग एकदा सरळ सांगितलं की माझी पाळी मला परत द्या.

आता कसं जमवतो ते सांगते, कारण अशा घरात पाहुणे बोलवायचे तर सगळ्यात आधी वेळ बघावी लागते. माझी गोळी घेतल्यावर साधारण पाऊण तासाने अंग मोकळं होतं, मग मी उठते, बोलते, हसते. तिचा असर उतरला की आवाज बारीक होतो आणि चेहऱ्यावर काही उमटतच नाही, समोरच्याला वाटतं ही कंटाळली, आपण निघावं. मी कंटाळलेली नसते, आतून सगळं ऐकत असते! म्हणून साडेतीनला गोळी आणि सव्वाचारला मंडळी. गोळीच्या आसपास पनीर, दही, दूध मला चालत नाही, प्रोटीनमुळे ती नीट लागू पडत नाही, म्हणून खायला भेळ, आणि ती ज्यांना जमेल त्यांनी आणायची. माझा चहा अर्धाच भरलेल्या जाड मगात. आणि चपला दारात पसरून ठेवायच्या नाहीत, कडेला लावायच्या, कारण माझे पाय नेमके दाराच्या चौकटीत खिळतात आणि तिथे चपलांचा ढीग असला की संपलंच.

पण मला खरं बोलायचंय ते ताईंबद्दल. पहिल्याच भिशीला एकजण सहज म्हणाली, "अगं, पाच कप चहा टाक गं." ताई उठल्या, चहा केला, बशा मांडल्या, नंतर कप विसळले. मी गप्प बसले ह्याचं मला अजून वाईट वाटतं. ब्युरोने पहिल्या दिवशीच सांगितलेलं असतं की पेशंटचं काम सोडून दुसरं काही सांगायचं नाही. त्या मला उठवतात, अंघोळ घालतात, रात्रीच्या गोळ्या काढून ठेवून जातात. त्या माझ्या मैत्रिणींच्या दिमतीला नाहीत. त्या संध्याकाळी मी त्यांची माफी मागितली, तर म्हणाल्या, "आजी, चहाचं काय नाय ओ, पण मी तिकडं ओट्यापाशी आन तुम्ही हिकडं उठायला लागलात तर?" त्यांना माझ्या पडण्याची काळजी होती. आता चहा मैत्रिणी करतात, कपही त्याच विसळतात, ताईंचा कप धरून सहा.

आणि एक, मी समोर बसलेली असताना ताईंना विचारू नका, "ह्यांना गोड चालतं का? हल्ली झोप लागते का?" मला विचारा. उत्तर यायला वेळ लागतो, तेवढं थांबा.

बायकांच्या बोलण्यात घरातलंही निघतं, सुनेचं, पैशाचं, कुणाच्या आजाराचं. तिसरं माणूस असलं की मैत्रिणी अवघडतात आणि खरं सांगायचं तर ताईही अवघडतात. मी त्यांनाच विचारलं काय करूया. त्या म्हणाल्या मी आतल्या खोलीत पडते तासभर, तुमच्या हाताशी बेल ठेवा. दिवसभरात त्यांना तेवढीच पाठ टेकायला मिळते, म्हणून मी पण बेल उगाच वाजवत नाही. कधी त्यांना वाटलं तर बाहेर येऊन बसतात, मग आम्ही त्यांच्या गावाकडच्या गोष्टी ऐकतो.

कोजागिरीला मात्र पंचाईत होती, दूध आटवून रात्री जागायचं आणि ताई तर आठला जाणार. मग लक्षात आलं की पौर्णिमेचा चंद्र दिवस मावळतानाच उगवतो, मध्यरात्रीपर्यंत थांबायला कुणी सांगितलंय? आमची गॅलरी पूर्वेला आहे. साडेसहाला सगळ्या खुर्च्या तिकडे नेल्या, मधल्या दोन गोळ्यांच्या बरोब्बर मध्ये माझं मसाला दूध बसवलं, आणि समोरच्या बिल्डिंगच्या टाकीमागून चंद्र वर आला तेव्हा आम्ही सहाजणी होतो, ताई धरून. त्या दिवशी त्या नऊपर्यंत थांबल्या, त्या तासाचे पैसे मी त्यांना वेगळे दिले, ते द्यायलाच हवेत.

मुलगा काळजीने म्हणतो आई, दगदग होते तुला. होते ना. दुसऱ्या दिवशी मी दहापर्यंत झोपते. पण त्या झोपेआधी आदल्या दिवशीचं सगळं बोलणं परत आठवत पडलेली असते, आणि तसं मी बाकीच्या दिवशी नुसती पडलेली असते.

फोन केलेल्या त्या मैत्रिणीसाठी, वाचत असशील तर. येत्या गुरुवारी, सव्वाचार. सहाच्या आत मला थकवा येतो, तेव्हा मीच सांगेन निघा म्हणून, वाईट वाटून घ्यायचं नाही. शहाळं आणू नकोस, भेळेची चिंच-गुळाची चटणी आण, तू करायचीस ती.