दहा सेकंदांत काय सापडतं? : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. माहिती साक्षरता (म्हणजे माहिती शोधून, ताडून मगच वापरणं) आणि ती मुलांना शिकवणारे गावातल्या वाचनालयातले वर्ग या विषयावरच्या माझ्या लेखाखाली आपण लिहिलेली प्रतिक्रिया दोनदा वाचली. इतरांना संदर्भ लागावा म्हणून ती थोडक्यात देते. आपलं म्हणणं असं की हल्लीची मुलं मोबाईलवर दहा सेकंदांत हवी ती माहिती काढतात, त्यांना शोधायला काय शिकवायचं? वाचनालयात येतात ते चार पेन्शनर, तेही पेपर वाचायला. असले वर्ग म्हणजे ग्रंथपालांनी स्वतःची खुर्ची टिकवायला काढलेली टूम. पायऱ्या परदेशी पुस्तकांतून उचललेल्या, आणि चाळीस मिनिटांच्या तासिकेत त्या बसतही नाहीत.

शेवटचं आधी घेते, कारण ते मान्य आहे. प्रश्न लिहिणं, त्यासाठी शब्द शोधणं, तीन जागी बघणं, उत्तरं ताडणं आणि आधारासह उत्तर लिहिणं या पाचही पायऱ्या एका तासिकेत होतात असं मी लिहिलं होतं, ते चूक. दोन तासिका जोडून घ्याव्या लागतात, नाहीतर उत्तरं ताडून बघायची पायरी कापली जाते. लेखात दुरुस्ती केली आहे.

पण ‘टूम’? मतभेद असू द्यात, त्याचं काही नाही. एखाद्याच्या कामाला नाव ठेवताना ते काम एकदा बघावं, इतकी अपेक्षा तरी धरू ना? एकोणीस वर्षं मी देवघेवीच्या टेबलामागे बसते आहे. खुर्चीच टिकवायची तर पुस्तक द्यायचं आणि तारखेचा शिक्का मारायचा, एवढं पुरतं. वर्ग घेतला म्हणून कोणी पगार वाढवत नाही. परदेशीपणाबद्दल म्हणाल, तर ‘माहिती साक्षरता’ ही संज्ञा अमेरिकेत झुरकोव्स्की यांनी १९७४ साली वापरली, हे खरं. पण ‘वाचकाचा वेळ वाचवा’ हे ग्रंथालयशास्त्राचं चौथं सूत्र आपल्या भारतीय ग्रंथपाल रंगनाथनांनी १९३१ साली मद्रासमध्ये बसून मांडलं आहे. तेव्हा वेळेची काळजी आम्हाला मोबाईलने शिकवली, असं समजू नका.

आता ते दहा सेकंद. आपल्याकडचाच प्रश्न घेऊ. ‘हापूसला कल्टार (मोहोर यावा म्हणून झाडाला घालायचं वाढनियंत्रक) किती घालावं?’ मोबाईलवर आकडा खरंच दहा सेकंदांत येतो. कोणी व्हिडिओत ‘झाडाला वीस मिलि’ म्हणतो, आणि मुलगा ते वहीत उतरवून घरी सांगतो. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाची शिफारस मुळात झाडामागे नाहीच. ती झाडाच्या विस्ताराच्या व्यासावर आहे, दर मीटरला ३ मिलि, म्हणजे मूळ रसायन पाऊण ग्रॅम. व्यास पूर्व-पश्चिम आणि दक्षिण-उत्तर असा दोनदा मोजून सरासरी काढायची. आठ मीटर विस्ताराच्या झाडाला २४ मिलि, चार मीटरच्या झाडाला १२. व्हिडिओतले वीस मिलि चार मीटरच्या झाडाला घातले तर ते दीडपटीहून जास्त होतात. डोस जास्त झाला की फुटवे आखूड राहतात, मोहोर दाटून गुच्छासारखा येतो आणि झाडाची वाढ खुंटते. बाटलीतल्या द्रावणाची तीव्रता वेगळी असेल तर ३ मिलि हा आकडाही बदलतो. शिवाय हे सगळं १५ जुलै ते १५ ऑगस्टच्या दरम्यान. दहा सेकंदांत आकडा मिळाला. ‘कशामागे’, ‘कधी’, ‘कोण म्हणतंय’ हे मिळालं नाही, आणि ते विचारायचं असतं हेच मुलाला ठाऊक नाही. आम्ही शिकवतो ते हे.

शोधायचा शब्द कोणता, इथपासून अडतं. किनाऱ्यावरच्या माणसाच्या तोंडी ‘तिवर’, वर्तमानपत्रात ‘खारफुटी’, सरकारी कागदात ‘कांदळवन’. ‘तिवर’ टाकून शोधणाऱ्या मुलाला शासनाचे निर्णय सहसा दिसतच नाहीत आणि तो ‘माहिती उपलब्ध नाही’ असं लिहून मोकळा होतो. म्हणून पहिली दहा मिनिटं फोन बाजूला. प्रश्न स्वतःच्या भाषेत एका ओळीत लिहायचा आणि कागदाला तीन रकाने पाडायचे : घरचा शब्द, पेपरमधला शब्द, सरकारी शब्द. शिक्षकांनी ‘पर्यावरण’ असा मोघम विषय दिला की हे रकाने भरत नाहीत आणि वर्ग तिथेच फसतो. ‘आपल्या खाडीतली तिवरं तोडायला परवानगी कोण देतं?’ असा प्रश्न लागतो.

गावांच्या नावांचंही तेच. रायगड जिल्ह्याला १९८१ पर्यंत कुलाबा म्हणत. ‘रायगड गॅझेटियर’ (गॅझेटियर म्हणजे जिल्ह्याचा सरकारी माहितीग्रंथ) म्हणून शोधाल तर १८८३ चा कुलाब्याचा खंड सहजी हाती लागणार नाही. सिंधुदुर्ग जिल्हा १ मे १९८१ ला झाला. त्याआधी छापलेल्या संदर्भग्रंथात मालवण रत्नागिरी जिल्ह्यातच असणार. मुलं म्हणतात पुस्तक चुकलंय. पुस्तक चुकलेलं नाही, जुनं आहे. शीर्षकपानाच्या मागे छपाईचं वर्ष बघायची सवय या एका उदाहरणाने लागते. आणि ती पुढे मोबाईलवरही कामी येते, कारण तिथे तारीख आणखी लपलेली असते. जून २०२० च्या निसर्ग वादळाची दृश्यं पुढच्या वादळाच्या नावाने फिरतात, आणि ती पाठवणाऱ्याला कोणी तारीख विचारत नाही.

पुढची पायरी तीन जागी बघण्याची : कपाट, विश्वकोश, मग फोन. क्रम मुद्दाम असा. फोन आधी दिला की दहाही मुलं एकाच संकेतस्थळावरून उतरवतात आणि ताडायला काही उरत नाही. प्रत्येक ठिकाणचं नेमकं वाक्य, सांगणारा कोण आणि वर्ष, एवढं टिपायचं. मग उत्तरं शेजारी ठेवायची. मासेमारी बंदीच्या तारखांवर हे करून बघा, उत्तरं जुळणार नाहीत. कारण बारा सागरी मैलांपर्यंत राज्याचा आदेश चालतो, त्यापलीकडे केंद्राचा, आणि कुठला कागद कुठल्या वर्षाचा ते बघितलेलं नसतं. मुलांनी हे कारण स्वतः शोधलं पाहिजे. ग्रंथपालाला उत्तर सांगायचा मोह होतो, मला अजूनही होतो, आणि सांगितलं की त्या दिवसाचा वर्ग संपला. एका गटात आठ-दहापेक्षा जास्त मुलं घेऊ नयेत. शेवटी तीन ओळींचं उत्तर, आधारासह. पानभर निबंध नको.

अनुदान, रिकाम्या जागा, वीज यांवरही आपण दोन वाक्यं लिहिली आहेत. लेख त्याबद्दल नव्हता, म्हणून उत्तर देत नाही.

राहिले ‘चार पेन्शनर’. हे शब्द मला सगळ्यात जास्त लागले. आपल्या लेखी ते मोजण्यात नाहीत, असाच त्याचा अर्थ होतो. शिक्षण दहावीला संपतं असं तुम्ही धरून चालला आहात. ‘बिल थकलंय, आज रात्री वीज तोडणार, या नंबरवर फोन करा’ असा मेसेज पंचाहत्तरीच्या माणसाला येतो तेव्हा त्याला तीच पायरी लागते जी आठवीच्या मुलाला लागते : सांगणारा कोण, आणि हे दुसरीकडे कुठे ताडता येईल? मेसेजमधल्या नंबरवर फोन करायचा नाही. घरातलं छापील बिल काढायचं, त्यावरचा ग्राहक क्रमांक आणि मदत क्रमांक बघायचा आणि तिथेच विचारायचं. हयातीच्या दाखल्यासाठी ओटीपी मागणारा फोन आला तरी तेच, पासबुक घेऊन बँकेत जायचं. हे शिकवायला आमच्याकडे वाचनकक्षातलं एक टेबल आहे, सकाळी साडेनऊला, पेपर वाचून झाल्यावर. त्या चौघांपैकी तिघं येतात.