‘टाटा हॉस्पिटल टाटांच्याच पैशावर चालतं’? खुलासा

‘परळचं टाटा हॉस्पिटल टाटांचं आहे, तिथल्या संशोधनाला तुमच्या-आमच्या पैशाची काय गरज?’ असा मेसेज सध्या फिरतोय. तो चुकीचा आहे.

1941 साली हे रुग्णालय सर दोराबजी टाटा ट्रस्टनेच उभारलं, हे खरं. पण 1962 पासून ते केंद्राच्या अणुऊर्जा विभागाकडे आहे (कर्करोग आणि अणुऊर्जा, जोडी ऐकायला विचित्र वाटते खरी). म्हणजे मुख्य खर्च करदात्यांच्या पैशातून होतो. खारघरचं संशोधन केंद्रही याच संस्थेचं. देणग्या येतात, लागतातही.

संशोधन म्हणजे फक्त महागडी यंत्रं नव्हेत. मुंबईच्या वस्त्यांत सुमारे दीड लाख बायकांवर याच हॉस्पिटलने केलेला अभ्यास आठवा. दहावी शिकलेल्या कार्यकर्त्यांना काही आठवड्यांचं प्रशिक्षण दिलं. त्या गर्भाशयाच्या मुखाला पातळ अ‍ॅसिटिक आम्ल, म्हणजे जवळजवळ व्हिनेगरच, लावायच्या आणि पांढरा डाग, म्हणजे धोक्याची खूण, उमटतो का ते बघायच्या. गर्भाशयाच्या मुखाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू 31 टक्क्यांनी घटले. निष्कर्ष 2013 मध्ये मांडले गेले. आणि पैसा? अमेरिकी सरकारच्या संशोधन निधीतून आला होता. आपल्या बायका, आपल्या वस्त्या, पैसा तिकडचा.