खुलासा : स्टँडबायमध्ये गेल्याने हार्ड डिस्कवरचा डेटा उडत नाही

आमच्या कोथरूडच्या सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज फिरतोय : "हार्ड डिस्क स्टँडबायमध्ये गेली की कॅशमधला डेटा उडतो, डिस्कही झिजते. स्लीप कायमचं बंद करा." स्टँडबाय म्हणजे काम नसताना डिस्कने मोटर थांबवून झोपणं. मेसेजमधला डेटाचा भाग साफ चुकीचा आहे.

डिस्कमध्ये छोटी रॅम, म्हणजे तात्पुरती मेमरी असते; तीच कॅश. कॉपी पूर्ण झाल्याचं स्क्रीनवर दिसतं, तेव्हा शेवटचा तुकडा कधीकधी अजून तिथेच असतो. पण स्टँडबायची आज्ञा मिळाली की डिस्क आधी तो तबकडीवर लिहिते, मग हेड (वाचण्या-लिहिण्याचं टोक) बाजूला घेते आणि शेवटी मोटर थांबवते. कान लावून ऐका : बारीक खरखर, एक 'टक्', मग उतरत जाणारी घरघर.

खरा धोका वीज अचानक जाण्याचा. हेड तेव्हाही सुखरूप बाजूला होतात, फिरत्या तबकडीच्या उरलेल्या जोरावर. कॅशमधलं न लिहिलेलं मात्र जातं. म्हणून डेस्कटॉपला यूपीएस लावाच, आणि बाहेरची डिस्क 'इजेक्ट' केल्याशिवाय उपसू नका. लग्नाचे फोटो असे गमावलेली माणसं तापकीर गल्लीतल्या दुकानात रडवेली झालेली मी पाहिली आहेत.

झिजेबद्दल थोडं तथ्य आहे. ३.५ इंची डिस्कला हेड उचल-ठेव करण्याची मर्यादा बऱ्याचदा ३,००,००० वेळांची दिलेली असते. दर दोन मिनिटांनी झोपवू नका; २०-३० मिनिटांची वेळ लावा.